फ्रोझन शोल्डरसाठी फिजिओथेरपी: घराजवळच्या क्लिनिकचा अनुभव
आईला मधुमेह असल्याने फ्रोझन शोल्डरचे, म्हणजे खांदा आखडण्याच्या आजाराचे, निदान फारसे अनपेक्षित नव्हते. परंतु सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आक्रसते आणि म्हणूनच दुसऱ्याने उचलला तरी हात पुरता वर जात नाही, हे येथील फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांध्याची प्रतिकृती हातात धरून जितके नीट समजावले, तितके आधी कोणीही समजावले नव्हते. कोपर कमरेशी टेकवून काठीच्या आधाराने हात बाहेर वळवण्याचा व्यायाम त्यांनी स्वतः करून दाखवला आणि दुखणे वाढल्यास ताण कमी करण्यास बजावले. माझ्या मते मशीनच्या शेकापेक्षा हा व्यायामच अधिक उपयोगी पडला. आईला आता वेणी घालता येते. हात पाठीमागे मात्र अजून पुरता जात नाही. आगाऊ पैसे भरून पॅकेज घेण्याचा काउंटरवरचा आग्रह तेवढा खटकतो.