काढून ठेवता येणारा डान्स पोल आणि सोलापूरची छते

घरी सरावासाठी उभा करायचा आणि सराव झाला की काढून ठेवायचा डान्स पोल, म्हणजे ज्यावर लटकून गिरक्या घेतात तो धातूचा खांब, घेताना बहुतेक जण आधी किंमत आणि रंग पाहतात. सोलापुरात आधी छत पाहावे. हा पोल बोल्ट न ठोकता केवळ दाबावर उभा राहतो. तळाचा स्क्रू फिरवला की नळीची लांबी वाढते, वरची थाळी छताला व खालची फरशीला रेटते, आणि या दाबातून येणाऱ्या घर्षणावर लटकणाऱ्याचे सगळे झोके पेलले जातात. छतानेही तितक्याच जोराने उलट रेटले पाहिजे, हे त्यात गृहीत असते. त्यामुळे पत्र्याच्या घरांत हा पोल लावता येत नाही, आणि जुन्या वाड्यांतील माळवदाखाली, म्हणजे तुळयांवर माती टाकून केलेल्या छताखालीही, लावू नये. माळवदाची माती आणि तुळया वरचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या झेलतात, पण खालून वर रेटा देण्यासाठी ती रचना केलेलीच नसते. उरतो तो आरसीसी स्लॅब. तोही उघडा हवा. पीओपीच्या किंवा जिप्समच्या खोट्या छताला पोल टेकवला तर आधी तडा जातो आणि मग पोल सुटतो. स्लॅबचा गिलावा फुगलेला नाही ना, हे बोटांनी ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर जागा बदलावी.

खरी अडचण उंचीची आहे. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये फरशीपासून स्लॅबपर्यंत साडेनऊ ते दहा फूट, म्हणजे सुमारे 2900 ते 3050 मिलिमीटर अंतर सहज असते. या क्षेत्रातील नावाजलेल्या एक्स-पोल या ब्रिटिश कंपनीच्या एक्सपर्ट संचाची मूळ पोहोच 2235 ते 2745 मिलिमीटर आहे, म्हणजे जेमतेम नऊ फूट. तिकडच्या घरांना ती पुरते. आपल्याकडे जोडनळी, म्हणजे एक्स्टेन्शन, वेगळी घ्यावीच लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त संचांच्या जाहिरातीत ‘नऊ फुटांपर्यंत’ असे लिहिलेले असते आणि जोडनळीचा उल्लेख नसतो. अशा संचाचा स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत ताणून छत गाठणे सर्वांत धोक्याचे, कारण त्या स्थितीत सगळा भार स्क्रूच्या मोजक्या आट्यांवर येतो. मागवण्यापूर्वी टेपने मोजावे, आणि जिथे पोल उभा राहणार नेमक्या त्याच ठिकाणी मोजावे. गॅलरीकडे फरशीला उतार दिलेला असेल तर एकाच खोलीत फरक पडतो.

आम्ही घेतला तो 45 मिलिमीटर व्यासाचा, क्रोमचा, जोडनळीसह आलेला पोल. पूर्वी 50 मिलिमीटरचा पोल सर्रास वापरात होता. आता 45 हे माप रूढ आहे आणि मध्यम पंजाच्या माणसाची पकड त्यावर चांगली बसते. या पोलची सर्वांत चांगली बाजू म्हणजे त्याचे सांधे. नळीच्या पोटात एक फुगणारा जोड असतो. ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, फिरवली की तो आतून दोन्ही नळ्यांना घट्ट धरतो, आणि बाहेरून बोट फिरवले तर सांधा केसाएवढ्या रेघेइतकाच जाणवतो. ओळखीच्या एका घरी पाहिलेल्या स्वस्त पोलचे तुकडे नुसते आट्यांवर एकमेकांत बसत; गिरकीची दिशा बदलली की सांधा सैल व्हायचा आणि मांडीच्या कातडीला चिमटा बसायचा. जास्त पैसे मोजायचे असतील तर ते या सांध्यासाठी मोजावेत. स्थिर पोल फिरता करण्यासाठी तळाशी बारीक स्क्रू असतात. ते सैल केले की आतल्या बेअरिंगवर नळी फिरते. आमच्या पोलवर ही अदलाबदल सुलभ आहे, मात्र स्क्रूचे डोके लहान असल्याने कमी उजेडात शोधाशोध करावी लागते.

एखाद्या फॅब्रिकेटरकडून रेलिंगचा स्टीलचा पाइप कापून आणण्याचा सल्ला सोलापुरात हमखास मिळतो. पाइप स्वस्त पडतो, हे खरे. पण रेलिंगसाठी पातळ गेजचा पाइपही चालतो, त्याला बेअरिंग नसते आणि दाब देणारी रचनाही नसते. तो सल्ला ऐकून सोडून द्यावा.

क्रोमच्या मुलाम्याखाली बहुधा निकेलचा थर असतो. ज्यांना खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ येते त्यांनी स्टेनलेस स्टीलचा किंवा पावडर कोटिंगचा पोल पाहावा. पितळेवर पकड जास्त मिळते, पण ते मऊ असल्याने ओरखडे लवकर पडतात. आणखी एक गोष्ट, मल्लखांबाची सवय असलेल्यांसाठी: मल्लखांबाला एरंडेल तेल लावतात, इथे तेलाचा थेंबही चालत नाही. अंगाला क्रीम लावून सराव करू नये, आणि प्रत्येक वेळी नळी सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्यावी.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा घामाने पकड सुटते, आणि त्यावरचा घरगुती उपाय, म्हणजे कूलर, अडचण वाढवतो. त्याच्या ओलसर हवेने खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. त्या दिवसांत सराव सकाळी लवकर उरकावा. छताच्या पंख्याचा विचार तर पोलच्या आधी करायला हवा. उलटे लटकून पाय पसरल्यावर ते पंख्याच्या पातीपर्यंत पोहोचू नयेत, म्हणून पोलभोवती सर्व बाजूंनी किमान दीड मीटर जागा मोकळी हवी. बारा बाय दहाच्या बेडरूममध्ये त्यासाठी पलंग भिंतीला उभा लावावा लागतो आणि पंखा बंदच ठेवावा लागतो.

उभारणीला दोन माणसे लागतात: एकाने नळी धरायची, दुसऱ्याने ओळंबा किंवा स्पिरिट लेव्हल लावून दोन बाजूंनी सरळपणा तपासत स्क्रू आवळायचा. पोल तिरका राहिला तर फिरताना अंग आपोआप एका बाजूला ओढले जाते. उभारल्यानंतर काही वेळाने, आणि पुढे प्रत्येक सरावापूर्वी, तो पुन्हा आवळून पाहावा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर खालच्या थाळीचे रबर स्वच्छ आणि कोरडे असणे अत्यावश्यक आहे. पोलभोवती जाड गादी टाकावी. चादरीच्या घड्या फरशीवर सरकतात, मग त्या सोलापुरी का असेनात.

काढलेला पोल पिशवीत भरून दिवाणाखाली मावतो, आणि नातेवाईक येणार असल्याचा फोन आल्यावर तो उतरवायला फार वेळ लागत नाही, हाही गुणच म्हणायचा. छतावर मात्र थाळीचे गोल वर्तुळ उमटते. भाड्याचे घर असेल तर मालकांना आधी सांगावे. घर सोडताना डिस्टेंपरचा एक हात मारला की ते दिसत नाही.