टे नदीकाठी सहा महिने एकच तंबू : पावसाआधी जाळी बघा

मापं, वजन, पाण्याचं रेटिंग हे सगळं विकत घेताना दिसतंच, ते पुन्हा लिहीत नाही. चार जणांचा टनेल (बोगद्यासारखा लांबट) तंबू, सेलमध्ये २१० पौंडांना, एप्रिलच्या शेवटी घेतला. ऑक्टोबरमधल्या शाळेच्या सुट्टीपर्यंत पाच सहली झाल्या, सतरा रात्री, सगळ्या अ‍ॅबरफेल्डीच्या आसपास. आम्ही स्कॉटलंडमध्ये डंडीला राहतो. इथे टे नदी खाडीसारखी पसरते आणि समुद्राला मिळते. तिथे तीच नदी दगडगोट्यांवरून आवाज करत १७३३ सालच्या दगडी पुलाखालून जाते. मुलीला ते बघायचं असतं, म्हणून दर वेळी तिथेच.

पण लिहायला बसले ती जुलैतल्या एका संध्याकाळमुळे.

अ‍ॅबरफेल्डीजवळची बर्क्सची घळ चढून, मोनेसचे धबधबे बघून आम्ही तळावर परतलो होतो. सासूबाई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. बाहेर स्टोव्हवर त्यांनी पिठलं टाकलं. नऊ वाजून गेले होते, उजेड भरपूर होता, आणि नदीवरचा वारा एकदम पडला. पाच मिनिटांत मिज आल्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते : चिलटाहून बारीक, ढगासारख्या येतात, आणि चावते फक्त मादी. आम्ही पिठल्यासकट आत पळालो, चेन लावली. थोड्या वेळाने मुलगी कान खाजवून रडायला लागली. टॉर्च लावून बघितलं तर जाळीवर बसलेल्या मिज पंख मिटून भोकांतून सरळ आत चालत येत होत्या. सासूबाईंचे हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाले. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

या तंबूला आतून जी जाळी होती ती डासांची होती. स्कॉटलंडच्या उन्हाळ्यात तिचा काही उपयोग नाही. इथे 'मिज मेश' म्हणून वेगळी, कापडासारखी दाट जाळी मिळते आणि तंबूत तीच हवी. मी विकत घेताना पाणी किती मिलिमीटरपर्यंत अडतं हे तीनदा वाचलं आणि जाळीचा शब्दही वाचला नाही. सगळे तेच करतात. म्हणून एवढं लांबण लावते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दाराची चेन वळणावर उसवली. दात जुळायचेच बंद झाले. आता ना जाळी, ना दार.

दुकानाला लिहिलं. उत्तर आलं की ३० दिवस उलटून गेलेत, कंपनीच्या वॉरंटीकडे जा. हे बरोबर नाही, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे जबाबदारी विकणाऱ्या दुकानाचीच असते. ३० दिवस ही फक्त वस्तू थेट परत करून पैसे घेण्याची मुदत. त्यानंतरही दुरुस्ती किंवा बदली मागता येते, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो मुळात नव्हता हे दुकानाने दाखवायचं असतं, आपण नव्हे. चार मेल, दोन फोन, चेनचे फोटो. तिसऱ्या मेलमध्ये त्यांनी 'वापरताना ओढली गेली असेल' असं लिहिलं, तेव्हा माझा आवाज चढला. २१० पौंड आमच्या घरात सहज खर्च होत नाहीत. शेवटी त्यांनी आतला तंबू (जाळी आणि दार असलेला, झोपायचा भाग) तेवढा बदलून द्यायचं मान्य केलं.

मधल्या काळात मी या तंबूला एक तारा देणार होते. दुसरं कारण होतं ओल. मे महिन्यात दोन्ही रात्री आतून थेंब गळत होते, उशा ओल्या. पाणी झिरपतंय असं मी ठरवूनच टाकलं होतं. जूनमध्ये आभाळ निरभ्र असलेल्या रात्रीही तेच झालं, तेव्हा उलगडा झाला. ती चौघांच्या श्वासाची वाफ होती. नदीकाठच्या सखल जागेत रात्री गार, दमट हवा साचते; बाहेरचं कापड थंड पडतं आणि वाफ त्यावर धरते. पुढच्या वेळी तळावरचीच थोडी उंचावरची जागा मागून घेतली, दोन्ही टोकांच्या खिडक्या पावसातही उघड्या ठेवल्या, ओले कपडे गाडीत ठेवले. उशा कोरड्या. म्हणजे पावसाच्या बाबतीत मी या तंबूवर अन्याय केला होता. बाहेरचं कापड आणि आतला तंबू एकत्रच उभे राहतात, त्यामुळे भर पावसात लावतानाही आतली जमीन कोरडी राहते. इथल्या हवेत ही फार मोठी सोय आहे.

ऑगस्टमध्ये पार्सल उघडलं आणि मी जाळीवर हात फिरवत बसले. नव्या मॉडेलचा आतला तंबू आला होता, दाट जाळीचा! महिनाअखेरीस पुन्हा गेलो. दिवसा शिहॅलियन चढलो : १०८३ मीटर, आणि १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिनने याच डोंगराच्या ओढीने ओळंबा किती ढळतो ते मोजलं होतं, आणि त्यावरून पृथ्वीच्या घनतेचा हिशोब मांडला गेला. वर वारा असल्यामुळे एकही मिज नाही. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर वारा गेला की त्यांना उडता येत नाही. खाली परतल्यावर त्या होत्याच. दार लावलं, टॉर्च लावला, अर्धा तास बघत बसले. जाळीच्या बाहेर शेकडो, आत एकही नाही. सासूबाईंना फोटो पाठवला. त्या तोवर परत गेल्या होत्या.

दाट जाळीतून हवा कमी खेळते, त्यामुळे वाफ थोडी जास्त धरते. मला चालेल.

आत्तापर्यंत रात्रीला साडेबारा पौंडांच्या आत पडला. चार तारे देते. पाचवा जुलैच्या त्या रात्रीसाठी कापला आहे. आणि सोबत येणाऱ्या खुंट्या टेच्या काठावरच्या गोट्यांत पहिल्याच ठोक्याला वाकतात. आठ पौंडांच्या जाड पोलादी खुंट्या वेगळ्या घ्या, एक हातोडी घ्या, आणि चेनला दर सहलीआधी मेणबत्ती चोळा.