हिल्सबरोतलं जुनं घर: वर्षभर राहिल्यानंतर

नॉर्थ कॅरोलिनातल्या हिल्सबरोमध्ये घर घ्यावं का, असं जवळच्या केरी-मॉरिसव्हिल या गावांकडची ओळखीची मंडळी अधूनमधून विचारतात. इथल्या हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे जुन्या इमारती जपण्यासाठी आखलेल्या भागातल्या, १९२०च्या दशकातल्या एका लाकडी बंगल्यात राहायला येऊन आम्हाला वर्ष उलटलं. पाइनच्या परागांनी पिवळा पडणारा वसंत, अंगाला चिकटणारा उन्हाळा आणि हिवाळा, सगळं बघून झालं. माझं उत्तर असं: जरूर घ्या, पण घर बघायला गेलात की पोर्चवरच्या झोपाळ्यावर भाळू नका. आधी टॉर्च घेऊन घराखाली शिरा. आणि घराचं बाहेरचं रूप गावाच्या संमतीनेच बदलायचं असतं, हे घरातल्या सगळ्यांना मान्य आहे का ते विचारून घ्या. माझ्या नवऱ्याला ते अजून पुरतं मान्य नाही.

गाव दहा हजारांच्या आतलं, पण ऑरेंज काउंटीचं मुख्य ठिकाण. १७५४ साली विल्यम चर्टन या सर्व्हेअरने ते आखलं आणि मुख्य रस्त्याला आजही त्याचंच नाव आहे. अधिकाऱ्यांच्या मनमानी कर-फी वसुलीविरुद्ध उठलेल्या रेग्युलेटर शेतकऱ्यांपैकी सहा जणांना १७७१ मध्ये इथेच फाशी दिलं. १७८८ मध्ये इथे भरलेल्या अधिवेशनाने, नागरिकांच्या हक्कांची सनद जोडल्याशिवाय अमेरिकेच्या राज्यघटनेला मंजुरी द्यायला नकार दिला. सहजासहजी ‘हो’ न म्हणण्याची गावाची ही सवय गेलेली नाही. कुंपणाची परवानगी मागून बघा.

खरेदीबद्दल आधी सांगते, कारण दुसऱ्या राज्यातून येणारे इथे गोंधळतात. नॉर्थ कॅरोलिनात ऑफर स्वीकारली गेली की ‘ड्यू डिलिजन्स फी’, म्हणजे घर तपासायला मिळणाऱ्या ठरावीक मुदतीची फी, थेट विकणाऱ्याच्या हातात जाते. त्या मुदतीत तुम्ही कुठल्याही कारणाने माघार घेऊ शकता, बयाणाही परत मिळतो, पण ही फी सहसा गेली ती गेलीच. त्यामुळे इन्स्पेक्टर, वाळवीवाला आणि विमावाला या तिघांच्या वेळा ऑफर स्वीकारली जाण्याआधीच बोलून ठेवाव्यात. दुसरी गोष्ट, विकणाऱ्याने भरायच्या माहितीपत्रकात ‘हो’ आणि ‘नाही’शिवाय ‘नो रिप्रेझेंटेशन’ असाही पर्याय असतो. म्हणजे यावर मी काही बोलणार नाही. जुन्या घराच्या कागदावर तीच खूण ओळीने दिसली तर रागवू नका, फक्त तपासणी दुप्पट करा. व्यवहार इथे वकिलाकडून पूर्ण होतो, आणि शंभर वर्षांची मालकी चाळायची असल्याने तो खर्च मला वावगा वाटला नाही.

विमा ही खरी चाळणी. भिंतीत चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली जुनी ‘नॉब अँड ट्यूब’ वायरिंग जिवंत असेल तर बऱ्याच कंपन्या विमाच देत नाहीत. एक घर आम्ही तेवढ्यासाठी सोडलं. फायरप्लेस मात्र अजून आठवते. १९७८च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. विकणाऱ्याला त्याबद्दल जे ठाऊक आहे ते सांगणं बंधनकारक असतं आणि तुम्हाला तपासून घ्यायला दहा दिवस मिळतात. लहान मूल असेल तर खिडक्यांच्या चौकटी नक्की तपासा. खिडकी वर-खाली सरकते तेव्हा रंगाची भुकटी तिथेच पडते.

आता घराखालची गोष्ट. इथली जुनी घरं विटांच्या खांबांवर उभी असतात आणि खाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी असते, तिला क्रॉल स्पेस म्हणतात. पूर्वीचा समज असा की तिला झरोके ठेवले म्हणजे हवा खेळेल आणि ओल वाळेल. पण इथल्या उन्हाळ्याची हवाच पाण्याने जड. ती आत शिरते, एसीच्या गार डक्टवर आणि गारठलेल्या तुळयांवर तिचं पाणी होतं, मग बुरशी येते आणि ओलसर लाकडामागून वाळवी. एसी नव्हता तेव्हा घर आतबाहेर सारखंच तापायचं, म्हणून हा त्रास कमी होता. उपाय महाग असला तरी सरळ आहे: मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरायचं, झरोके बंद करायचे, आत हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर बसवायचा. आम्ही आल्या आल्या हेच केलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात घरातला कुबट वास गेला. मात्र आधी पावसाचं पाणी घरापासून लांब काढा. पन्हळीचं पाणी पायाशीच पडत असेल तर प्लॅस्टिकखाली तळं होतं. लाल चिकणमाती पाणी पिता पीत नाही. आमच्याकडे आलेल्या पहिल्या कंत्राटदाराने हे न विचारताच मोठं अंदाजपत्रक हातात ठेवलं. दुसऱ्याने आधी घराभोवती एक फेरी मारली, म्हणून काम त्याला दिलं.

आतलं लाकूड मात्र सोनं. जमीन हार्ट पाइनची, म्हणजे लाँगलीफ पाइनच्या गाभ्याची. ती जुनी जंगलं तोडून संपली, त्यामुळे अशी फळी आता मिळते ती बहुधा कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीचीच. घासून तेल लावलं की असा मधाळ रंग येतो की गालिचा घालावासा वाटत नाही.

हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टबद्दल एक मोठा गैरसमज आहे. घर नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत, असणं आणि गावाच्या स्थानिक डिस्ट्रिक्टमध्ये असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या रजिस्टरने खासगी मालकावर कसलंच बंधन येत नाही. बंधन येतं ते स्थानिक हद्दीमुळे, म्हणून पाटीवरचं साल वाचण्यापेक्षा हद्दीचा नकाशा उघडा. हद्दीच्या आत असाल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलाला ‘सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅप्रोप्रिएटनेस’, म्हणजे बदल परिसराला साजेसा असल्याची मंजुरी, लागतं. सडलेली फळी काढून तशीच दुसरी बसवणं ही देखभाल, तिला अडवत नाहीत. आतल्या सजावटीत सहसा कोणी डोकावत नाही. किरकोळ कामं गावाचे कर्मचारीच मंजूर करतात, मोठी कामं डिस्ट्रिक्टसाठी नेमलेल्या कमिशनपुढे जातात. ती सुनावणी जवळपास कोर्टासारखी चालते: शपथ घेऊन बोलायचं, आणि सदस्यांनी आधी तुमच्याशी त्या अर्जाबद्दल बोलायचं नाही. गाव एवढंसं असल्याने वीव्हर स्ट्रीट मार्केटमध्ये भाजी घेताना सदस्य भेटतातच. हवापाण्यावर भरपूर गप्पा होतात, कुंपणाचा विषय निघाला की दोघंही टोमॅटोकडे बघतात.

आमचा पहिला अर्ज कशासाठी होता? फोडणीसाठी! स्वयंपाकघराला धूर बाहेर काढणारा पंखाच नव्हता, आणि भिंतीला भोक म्हणजे बाहेरचा बदल. मागच्या भिंतीवर, रस्त्यावरून न दिसणारं, म्हणून ते लवकर सुटलं. प्लॅस्टिकच्या खिडक्यांचं मात्र नाव काढू नका. जुन्या लाकडी खिडक्या दोऱ्या-वजनांवर चालतात, दुरुस्त होतात, आणि वर स्टॉर्म विंडो, म्हणजे बाहेरून जादा काचेची खिडकी, बसवली की थंडी बरीच अडते. गंमत म्हणजे पाडकामाला कमिशन सहसा कायमचा नकार देऊ शकत नाही, ३६५ दिवसांपर्यंत थांबवू शकतं. थोडक्यात, कुंपणाला ‘नाही’ मिळू शकतं आणि आख्खं घर पाडायला ‘वर्षभराने या’.

नियम नको असतील तर गावाच्या पश्चिमेला ईनो कॉटन मिल आणि बेलव्ह्यू मिलच्या आसपासची कामगारांची छोटी घरं बघा. लालबागच्या चाळीत वाढलेले माझे सासरे इथे आले तेव्हा त्यांना ऐतिहासिक वाड्यांचं फारसं कौतुक नव्हतं. ते मिलच्या रस्त्याने रोज चालत जायचे आणि पाळ्या किती वाजता बदलत असतील याचा अंदाज बांधायचे.

पुराचा विषय टाळू नका. ईनो नदी दिसायला ओढ्यासारखी, काठचा रिव्हरवॉक संध्याकाळी फिरायला फार छान. पण जुलै २०२५ मध्ये शांताल वादळाच्या पावसाने तिने काय केलं ते इथल्या कोणालाही विचारा. फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या, नकाशात घर धोक्याच्या पट्ट्यात येत असेल तर कर्ज देणारा पुराचा विमा घ्यायलाच लावतो. पट्ट्याबाहेर असाल तरी उतार कुठल्या बाजूला आहे ते पावसात येऊन बघा.

राहणं कसं आहे? चालत लायब्ररी, चालत कॉफी, चालत नदी; अमेरिकेत हे किती दुर्मीळ ते तुम्हाला माहीत आहे. चर्टन स्ट्रीटवर संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. रूळ गावातूनच जातात, शिटी ऐकू येते, पण अजून गाडी थांबत नाही. कढीपत्ता, देवळं, मराठी मंडळ, क्रिकेट, सगळं केरी-मॉरिसव्हिलकडे, गाडीने अर्धा तास ते पाऊण तास. आठवड्याला एक फेरी गृहीत धरा. शेजारी पोर्चवरून हात करतात, पाय बाहेर काढला की बोलतात. दिवाळीत आकाशकंदील टांगला तर पलीकडच्या आजींनी तो वर्षभर का ठेवत नाही म्हणून विचारलं.

एक गोष्ट ब्रोकरच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ही सुंदर घरं कोणाच्या श्रमावर उभी राहिली ते गाव हळूहळू मोठ्याने बोलायला लागलं आहे. बरवेल स्कूल या जुन्या शाळेच्या आवारात गुलाम म्हणून राबलेली एलिझाबेथ केकली पुढे राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या पत्नीची, मेरी लिंकनची, शिवणकार झाली. तिथे गेलात तर तिच्याबद्दल जरूर विचारा. मार्गारेट लेनवर कृष्णवर्णीयांचं जुनं दफनस्थान आहे. काउंटीच्या म्युझियमवरची ‘कॉन्फेडरेट मेमोरियल’ ही अक्षरं २०१५ मध्ये काढली. आम्हाला इथे कोणी वेडंवाकडं बोललेलं नाही, पण इतिहास फक्त खांब-कमानींचा असतो असं मानून इथे राहता येणार नाही.

शेवटी पैशांचं. रजिस्टरवरच्या डिस्ट्रिक्टमध्ये ‘योगदान देणारी’, म्हणजे परिसराच्या ऐतिहासिक महत्त्वात भर घालणारी इमारत म्हणून तुमच्या राहत्या घराची नोंद असेल, तर दुरुस्तीच्या खर्चावर राज्य १५ टक्के कर-सवलत देतं. खर्च २४ महिन्यांत १०,००० डॉलरच्या वर व्हायला हवा, सवलतीची मर्यादा २२,५०० डॉलर. काम सुरू करण्याआधी अर्ज करा. मात्र इथे मेख आहे: सवलत घेतली की राज्याचं जतन कार्यालय घराच्या आतही बघतं, आणि मूळ खोल्यांची रचना मोडलेली त्यांना चालत नाही. आम्हाला स्वयंपाकघर आणि जेवणघरामधली भिंत काढायची होती. नवरा म्हणाला, बाहेरचं गावाला दिलंय तेवढं पुरे. भिंत काढली, सवलत सोडली.