अ‍ॅस्पिनवॉल हाऊस, फोर्ट कोची : गोदामाने उसने दिलेले तेज

केरळमध्ये साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिएनाले या समकालीन कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने मी फोर्ट कोचीला एकाहून अधिक वेळा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी परतताना लक्षात राहिलेल्या कलाकृतींची यादी मनात जुळवू लागलो, की आधी आठवते ते अ‍ॅस्पिनवॉल हाऊस. म्हणून हे परीक्षण एखाद्या कलावंताचे किंवा एखाद्या आवृत्तीचे नाही, तर या वास्तूचे आहे. मांडणशिल्प, म्हणजे जागा वापरून रचलेली कलाकृती, पाहणाऱ्या माणसाला ती काय देते आणि त्याच्याकडून काय काढून घेते, एवढाच प्रश्न मी इथे घेतला आहे.

जॉन अ‍ॅस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ मध्ये ही पेढी सुरू केली. खोबरेल तेल, मिरी, इमारती लाकूड, गवती चहाचे तेल, आले, हळद आणि पुढे काथ्या, कॉफी, चहा, रबर असा सगळा माल इथून जहाजांवर चढत असे. त्यामुळे आवारात कचेरी, राहते घर आणि मोठमोठी गोदामे एकमेकांना बिलगून उभी आहेत आणि एका बाजूला थेट पाणी आहे. १२ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे १२-१२-१२ अशी तारीख साधून, पहिली बिएनाले सुरू झाली आणि हे आवार तिचे मुख्य स्थळ ठरले. ती उभारणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही केरळचे असले तरी मुंबईच्या सर ज. जी. कलामहाविद्यालयात शिकलेले. दुसऱ्या आवृत्तीची गुंफण, म्हणजे कलाकृतींची निवड आणि मांडणी, जितिश कल्लाट यांनी केली आणि तिसरीची सुदर्शन शेट्टी यांनी, तेही मुंबईचेच. कुलाब्या-काळाघोड्याच्या दालनांत वाढलेल्या या मंडळींना मुंबईत न मिळालेली ऐसपैस जागा कोचीत मिळाली, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मुंबईत जागा नाही असे नव्हे, पण तिथल्या जागांचा स्वभाव वेगळा आहे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ज्या सर कावसजी जहांगीर सभागृहात आहे, ती १९११ ची वास्तू वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची. १९९६ मध्ये तिचे संग्रहालय झाले, तेव्हा आत अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक रचले गेले. तिथे प्रेक्षक जिन्याने चढत चढत घुमटाखाली पोहोचतो. वाट ठरलेली असते आणि चित्रांना ती मानवते, कारण कुठले चित्र आधी आणि कुठले नंतर हे मांडणाऱ्याच्या हाती राहते. मांडणशिल्पाला मात्र अनेकदा भोवती फिरायला जागा लागते, आणि वळणाऱ्या भिंतीशी त्याचे भांडण होते.

अ‍ॅस्पिनवॉलमध्ये ठरलेली वाट जवळजवळ नाहीच. एका काळोख्या गोदामातून बाहेर आले की अंगणातले ऊन डोळ्यांवर येते, समोरून एखादी होडी किंवा मालवाहू जहाज जाते, आणि डोळे निवतात न निवतात तोच पुढच्या खोलीचा अंधार सुरू होतो. दोन कलाकृतींमध्ये असा श्वास घ्यायला वेळ मिळणे ही या जागेची सर्वांत मोठी देणगी आहे. सलग दालनांत तिसऱ्या-चौथ्या कामानंतर येणारा थकवा इथे उशिरा येतो.

जागा आणि कलाकृती यांना वेगळे करता येऊ नये, याचे मी पाहिलेले सर्वोत्तम उदाहरण २०१६ च्या आवृत्तीतले चिलीचे कवी राउल सुरिता यांचे ‘सी ऑफ पेन’ हे काम होय. एका लांबलचक गोदामाच्या जमिनीवर समुद्राचे पाणी भरलेले होते आणि पुढे जायचे तर कपडे वर सारून, पादत्राणे काढून त्यात उतरावे लागे. बाजूच्या भिंतींवर अगदी मोजके, प्रश्नार्थक शब्द होते. पलीकडच्या टोकाच्या भिंतीवर कविता होती, आणि ती वाचायची तर संपूर्ण पाणी पार करणे भाग होते. कविता गालिप कुर्दी या सीरियन निर्वासित मुलासाठी होती. २०१५ मध्ये किनाऱ्यावर सापडलेल्या त्याच्या धाकट्या भावाचे, आलानचे, छायाचित्र जगभर पसरले. गालिपही त्याच बुडालेल्या बोटीत होता, पण त्याचे तसे छायाचित्र कोणाच्या डोळ्यांसमोर नाही. हेच पाणी एखाद्या वातानुकूलित सभागृहातल्या हौदात भरले असते तर प्रेक्षकाने त्याला युक्ती म्हटले असते. इथे भिंतीपलीकडे खरा समुद्र होता, आणि ज्या गोदामातून एकेकाळी माल जहाजांवर चढला त्याच गोदामात समुद्र आत शिरला होता. पाण्यातून चालताना माणसे आपोआप बोलायची थांबत. मागून येणाऱ्याच्या पावलांचा आवाज पाण्यातून आधी ऐकू येई आणि माणूस नंतर दिसे. परत फिरतानाही तेच पाणी पुन्हा ओलांडावे लागे, म्हणजे वाचून झाले आणि सुटलो, अशी सोय नव्हती.

एकच कलाकृती जागा बदलली की किती बदलते, हे मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांच्या ‘डिसेन्शन’वरून समजते. २०१४ मध्ये अ‍ॅस्पिनवॉलमध्ये जमिनीत अखंड फिरणारा पाण्याचा भोवरा होता आणि त्याची घरघर पायाखालून जाणवत होती. समुद्र इतका जवळ असल्यामुळे तोच जमिनीला भोक पाडून आत आला आहे, अशी भीती क्षणभर वाटून जाई. पुढे २०१५ मध्ये हा भोवरा व्हर्सायच्या राजबागेत गेला आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कला ब्रुकलिन पुलाजवळच्या नदीकाठच्या उद्यानात. ती दोन्ही रूपे मी फक्त छायाचित्रांतून पाहिली आहेत, तरी फरक कळतो. पाण्याला वर उडवून राजाचे वैभव मिरवणाऱ्या कारंज्यांच्या बागेत खाली ओढणारे पाणी हा राजसत्तेला दिलेला टोमणा ठरतो, तर ब्रुकलिनमध्ये पाठीमागे मॅनहॅटनच्या इमारती असल्यामुळे तो महानगराच्या पोटातला खड्डा वाटतो. कोचीत त्याला असा कुठलाच अर्थ चिकटवावा लागत नव्हता. मला तेच रूप सर्वांत जास्त भावले.

शीला गौडा आणि क्रिस्टोफ स्टोर्झ यांनी पहिल्या आवृत्तीत याच आवारात १७० दगडी रगडे आणून ठेवले होते. घरोघरी मिक्सर आल्यावर दाराबाहेर पडलेले ते अवजड दगड मालाची ने-आण करणाऱ्या पेढीच्या आवारात, पुढच्या प्रवासाची वाट पाहत असल्यासारखे दिसत. छायाचित्रांत पाहूनही त्यांचे वजन जाणवते. कोकणात, गोव्यात वाढलेल्या कोणालाही त्यांच्याबद्दल अधिक सांगायला नको.

आता तक्रार. पोपडे निघालेला चुना, जुन्या लाकडाचे वासे, खिडकीत मावणारा समुद्र हे सगळे इतके देखणे आहे की त्याच्यासमोर काहीही ठेवले तरी ते गहन वाटू लागते. कच्च्या कामालाही ही वास्तू आपले तेज उसने देते आणि प्रेक्षक ते कलाकृतीच्या खात्यावर जमा करतो. यावर मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. खोलीतून काम उचलून नेले असे मनात धरायचे आणि रिकामी खोली तेवढीच सुंदर वाटते का, हे स्वतःला विचारायचे. सुरितांचे पाणी काढले तर गोदाम कोरडे आणि मुके होते. पण काही आवृत्त्यांत मी अशा खोल्यांतून गेलो, जिथे काम नसते तर खोली अधिकच चांगली दिसली असती. ध्वनिचित्रफितींना तर ही जागा मुळीच मानवत नाही. खिडक्या काळ्या कापडाने झाकल्या की अ‍ॅस्पिनवॉलचे अ‍ॅस्पिनवॉलपण संपते आणि उरते ती फक्त उकाड्याची अंधारी खोली, जिच्यात वीस मिनिटांची फीत पुरी पाहणारा प्रेक्षक विरळाच. दमट हवेत कागदावरची नाजूक कामेही मला कायम केविलवाणी वाटली आहेत. जुन्या, समुद्राला लागून असलेल्या वास्तूंत प्रदर्शन उभे करण्याची किंमतही मोजावी लागते: २०२२ ची पाचवी आवृत्ती १२ डिसेंबरला उघडायची होती, ती २३ डिसेंबरला उघडली.

म्हणूनच बिएनालेचे आणखी एक स्थळ ठरलेला, पाण्यापलीकडच्या एर्नाकुलमचा दरबार हॉल चुकवू नये. एकोणिसाव्या शतकात कोचीच्या महाराजांनी बांधलेल्या या वास्तूचे आतून नीट, नियंत्रित प्रकाशाचे आधुनिक दालन झाले आहे. तिथे भिंत कोणाचीच बाजू घेत नाही, त्यामुळे कामाचे खरे वजन कळते. जाणकार त्या दालनाला बेचव म्हणतात. मला ते तराजूसारखे उपयोगी वाटते.

जाणाऱ्यांसाठी एवढेच, की दोन दिवस हाताशी ठेवावेत, सहज काढता येतील अशी पादत्राणे घालावीत आणि जिने चढण्याची अडचण असणाऱ्यांनी वरच्या मजल्यांची आधी चौकशी करावी. पहिल्या सकाळी बोटीने एर्नाकुलमला जाऊन दरबार हॉल पाहावा आणि अ‍ॅस्पिनवॉल दुपारी चारनंतरसाठी ठेवावे. तेव्हा गोदामांतला उकाडा उतरू लागतो आणि दारांतून तिरपा प्रकाश आत येतो.