ट्रंकेतले क्रोशाचे रुमाल उशीवर, दिव्यावर, भिंतीवर : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. जुनी लेस आणि क्रोशाचे रुमाल घरात वापरायचे असतील, तर मागे कापड लावा आणि हाताने टाके घाला. माझ्याकडे ज्याला ज्याला असा आधार दिला, ते कोल्हापूरचा पावसाळा काढून जागच्या जागी आहे. जे नुसतं चिकटवलं, लटकवलं किंवा काचेखाली सरकवलं, त्यातलं बरंचसं श्रावण संपायच्या आत उतरवावं लागलं.

माल सगळा घरचाच. सासूबाईंच्या रुखवतात मांडलेले, त्यांच्या सासूबाईंनी विणलेले: अननसाच्या नक्षीचे गोल रुमाल, रेडिओवरचं झाकण, अभ्र्यांच्या झालरी, चौकोनी जाळीत अक्षरं भरलेलं एक ‘सुस्वागतम्’, आणि पाण्याच्या तांब्यावर टाकायची मणी लावलेली जाळी. त्याशिवाय परकराच्या जुन्या लेसचे तुकडे. क्रोशा आणि यंत्रावरची लेस ओळखायला अवघड नाही. क्रोशात भिंगाशिवायही साखळी, खांब, मुका खांब असे विणीचे टाके वेगवेगळे मोजता येतात. सूत की नायलॉन अशी शंका आली तर सुटलेला एक धागा जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख पडते, नायलॉनचा वितळून कडक मणी होतो. नायलॉन निघालं तर गरम इस्त्री लांब ठेवा.

धुण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण अर्धं काम तिथेच आहे. रुमाल गार पाण्यात भिजवले तेव्हा पाण्याला चहाचा रंग आला. पाणी बदलत गेले, चोळलं नाही. ओली जाळी टोकाला धरून उचलायची नाही. पाण्याच्या वजनाने जीर्ण धागा तिथेच तुटतो. मी मच्छरदाणीचा तुकडा खाली घालून त्यासकट उचलत होते. पिवळेपणासाठी क्लोरीनचं ब्लीच नको, सूत कुजल्यासारखं होतं. ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, सौम्य प्रमाणात चाललं. पण त्याआधी गंजाचे डाग शोधा. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेल्या कापडावर ते असतातच. गंजातलं लोखंड आणि ब्लीचमधून सुटणारं पेरॉक्साइड एकत्र आलं की नेमकी त्या जागची सुताची ताकद जाते आणि भोक पडतं. म्हणून आधी सायट्रिक आम्लाच्या पातळ पाण्याने गंज काढायचा, भरपूर पाण्याने खळबळायचं, मग पुढचं. जुना दिसावा म्हणून नवा रुमाल चहात बुडवायची टूम सध्या बरीच आहे. मला ती पटत नाही. चहातलं टॅनिन सुताच्या हिताचं नाही, आणि खऱ्या जुनेपणाचा रंग असा एकसारखा नसतोच.

वाळवताना थर्माकोलवर प्लास्टिक पसरून, पेन्सिलने काढलेल्या वर्तुळावर टाचण्या लावल्या. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. साध्या टाचणीला आमच्याकडे जुलैत एका रात्रीत गंज धरतो. घर रंकाळा तलावाजवळ, पापड डब्याबाहेर तासभर कुरकुरीत राहत नाही असं हवामान. खळ फक्त रोज हाताळायच्या वस्तूंना दिली, तीही साबुदाण्याची, अगदी पातळ. भिंतीवर जायचं त्याला अजिबात नाही. कसरीला खळ फार आवडते.

आता वापर. सगळ्यात यशस्वी ठरले उशांचे अभ्रे. इचलकरंजीचं निळसर राखी पॉपलीन घेतलं, आधी धुऊन आटवून घेतलं, त्यावर रुमाल मधोमध ठेवून जुळत्या दोऱ्याने जागोजाग टाके घातले. बाहेरच्या कमानींना प्रत्येकी एक टाका, आतल्या चाकाला दोन फेऱ्या. बास. अभ्रे पालथे करून, जाळीच्या पिशवीत घालून धुते. अजून एकही कमान उसवलेली नाही. गडद कापडावर विणीचा खांब न् खांब दिसतो, पांढऱ्यावर पांढरं मात्र हरवून जातं. मंगळवार पेठेतल्या शिंपीदादांकडे उरलेले अभ्रे नेले तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, हे मशिनीवर तसंच घातलं तर खालच्या दात्यात अडकतंय बघा. कागद घालून मारतो, मग फाडून काढूया.” त्यांनी खरंच खाली पातळ पांढरा कागद घालून शिलाई मारली आणि नंतर कागद फाडून काढला. वर्तमानपत्र नाही, शाई लागते. काम चोख झालं, पण धागा भक्कम असेल तरच यंत्राच्या वाट्याला जा.

‘सुस्वागतम्’ फ्रेममध्ये गेलं. फ्रेमवाल्याला दोन गोष्टी आधीच बजावल्या: डिंक नाही, आणि काच जाळीला टेकता कामा नये. मागे न रंगवलेलं सुती कापड, त्यावर टाके, आणि काचेच्या आत कडेने पट्टी देऊन अंतर. ही फ्रेम ओल न येणाऱ्या आतल्या भिंतीवर आहे. बाहेरच्या भिंतीवर लावायचा आग्रह घरात झाला होता, पण तिथे पावसाळ्यात रंगाला फुगे येतात, तिथे सुताचं काय होणार?

उलट टीपॉयच्या काचेखाली ठेवलेला रुमाल. दिसायला सुरेख, पण काचेखाली अडकलेली दमट हवा बाहेर पडत नाही, आणि सुतावर बारीक काळे ठिपके आले. बुरशीचे ठिपके पूर्ण जात नाहीत. कोकणात किंवा इथे राहत असाल तर हा प्रकार सोडूनच द्या. जेवणाच्या टेबलावरही जुनी जाळी नको. तांबड्या रश्श्याचा एक थेंब तेलासकट धाग्यात शिरतो. हळद तरी साबणाने लाल होऊन पुढे सावकाश उन्हात फिकी पडते, मिरचीचं तेल तसं सोडत नाही.

दिव्याचं सांगायचं तर फुग्यावर रुमाल पांढऱ्या गोंदाने चिकटवून केलेला गोळा दिवाळीत लई भारी दिसला. भिंतीवर पडणारी सावली बघायला शेजारणी आल्या. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात गोंद दमटपणाने मऊ पडला आणि गोळ्याचं भोपळ्यासारखं पोट सुटलं. आता त्यातले धड तुकडे काढून जुन्या कापडी शेडला आतून बसवलेत, टाके शेडच्या कापडालाच घातलेत. बल्ब एलईडीच, सात वॉटचा, आणि जाळीपासून चार बोटं लांब. जुन्या तारेच्या बल्बची उष्णता सुताला चालणार नाही.

तांब्यावरची जाळी मात्र काहीही न बदलता होती तशीच वापरात आहे. कडेच्या मण्यांच्या वजनाने ती पंख्याच्या वाऱ्यातही हलत नाही. ज्या बाईने ही काढली तिला सजावट आणि उपयोग वेगळे ठेवायची गरज वाटली नव्हती.

कापायचं की नाही, हा प्रश्न सगळ्या जणी विचारतात. माझा नियम असा: धड तुकडा कापायचा नाही, फाटलेल्यातला चांगला भाग घ्यायचा. क्रोशा कात्री लागली की उसवत जातो, म्हणून कापण्याआधी रेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक टाक्यांची रांग घाला. रेडिओवरचं झाकण एका कोपऱ्यात कुजलं होतं, त्याचे उरलेले तीन कोपरे खादीच्या पडद्याच्या खालच्या पट्टीवर बसवले. पश्चिमेच्या खिडकीला तो पडदा लावला नाही, ऊन सुताचा जीव काढतं.

घरात जुनं काहीच नसेल, तर ‘व्हिंटेज’ नावाने विकली जाणारी यंत्राची पॉलिएस्टर लेस घेण्यापेक्षा आंध्रातल्या नरसापूरची हाताची क्रोशा लेस बघा. गोदावरीच्या त्या भागात मिशनऱ्यांमुळे ही कला रुजली आणि आजही बायका घरी बसून विणतात. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं तसं भौगोलिक मानांकन त्या लेसला २०२४ मध्ये मिळालं.

खर्चाचं म्हणाल तर कापड, दोरा आणि शिंप्याची मजुरी मिळून फार नाही. सर्वात जास्त पैसे फ्रेमला गेले. वेळ मात्र भरपूर लागतो. एका अभ्र्याचे हातटाके म्हणजे दोन-तीन दुपारी धरून चाला, आणि उन्हाळ्यातच आटपा. वापरात नसलेले रुमाल घडी घालून ट्रंकेत परत टाकले नाहीत. घडीवरच धागा आधी तुटतो. पुठ्ठ्याच्या नळीवर जुन्या धोतराचं कापड, त्यावर रुमाल, वरून पुन्हा कापड अशी गुंडाळी केली आहे. डांबरगोळ्या त्याला टेकू देत नाही. पलंगपोसाची लांब झालर अजून तशीच आहे. तिला मागे कॅम्ब्रिक, म्हणजे पातळ सुती कापड, लावून देवघराच्या दारावर बसवायची आहे, पण सासूबाईंचा जीव त्या झालरीत आहे, त्यामुळे कात्री लागणार नाही. दाराच्या मापापेक्षा जेवढी जास्त आहे, तेवढी वर दुमडून टाके घालेन.