कोल्हापुरात गाडीला चार तास आहेत: रंकाळा, अंबाबाई की टाऊन हॉल?

कोकणातून एसटीने दुपारी कोल्हापूर आणि रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, हा प्रवास आम्ही नवराबायकोने गेल्या काही वर्षांत पाच-सहा वेळा केला. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, रेल्वे स्टेशन चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे गाडी चुकायची धास्ती नाही. प्रश्न असतो तो मधल्या चार तासांचा.

पहिल्या खेपेला रंकाळा. गगनबावड्याकडून येणारी एसटी त्याच अंगाने शहरात शिरते, खिडकीतून पाणी दिसतं आणि "इथंच उतरूया की" असं होतंच. उतरलो. पण दुपारी तीनचा रंकाळा म्हणजे नुसतं ऊन. खरी मजा पाचनंतर, शालिनी पॅलेसमागे सूर्य कलला की. वारा सुटतो, भेळेच्या गाड्यांभोवती गर्दी जमते, आणि नेमकं तेव्हाच आपलं लक्ष घड्याळाकडे. स्टेशन शहराच्या दुसऱ्या टोकाला, संध्याकाळची रहदारी, रिक्षात जीव टांगणीला. मुक्काम असेल तर रंकाळ्याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो.

दुसऱ्या खेपेला अंबाबाई. इथे आमचं बिनसलं ते देवीमुळे नव्हे, बॅगेमुळे. चाकांची मोठी बॅग, वर काजूगर आणि आमसुलांची पिशवी, शिवाय सासूबाईंनी ऐनवेळी कोंबलेला फणस. हे लटांबर घेऊन दर्शनाच्या रांगेत उभं राहता येत नाही. मग पाळी लावली. आधी ही रांगेत गेली, मी महाद्वार रोडवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बॅगा-पिशव्या मोजत बसलो. सव्वा तासाने ती प्रसन्न चेहऱ्याने आली, तोवर माझी वेळ संपली होती. शिखराला हात जोडले आणि निघालो. कोल्हापुरात जाऊन अंबाबाई न बघता आलेला जावई, हे मला अजून ऐकावं लागतं. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीवर पडतात तेव्हा, तर संध्याकाळी तिकडे ओझं घेऊन जायचा विचारही करू नये.

तिसऱ्या खेपेला, खरं तर कंटाळून, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरचा टाऊन हॉल, म्हणजे तिथलं संग्रहालय. तिकीट काढताना मी बॅगेकडे केविलवाणं पाहिलं असावं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "ठेवा की हितं कोपऱ्यात, कोण न्यायला बसलंय?" प्रत्येकाला असा माणूस भेटेल याची हमी मी कशी देऊ? पण माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आत गर्दी नाही. चार्ल्स मँटने आराखडा केलेली, १८७६ साली पूर्ण झालेली वास्तू. उंच छप्पर, आत गारवा. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर जे उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू इथे आहेत. त्यातली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती चुकवू नका. ग्रीकांचा देव सह्याद्रीच्या या बाजूला! तोही बहुधा आमच्यासारखाच कोकणातल्या एखाद्या बंदरातून घाट चढून आला असावा. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रंही इथेच. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं सांगतात. त्यामुळे जी उरली त्यांच्यासमोर पाय जरा जास्तच रेंगाळतात.

दीड तास आत, मग बाहेर बागेतल्या बाकावर चहा आणि डुलकी. परत निघताना दसरा चौकातून स्टेशन रिक्षाने जवळ. बॅग हलकी असेल तर चालतही जाल.

उणं म्हणाल तर संग्रहालय साडेपाचच्या सुमारास बंद होतं, आणि सोमवारी उघडतच नाही. सोमवारी अडकलात आणि पाठीवर एखादीच सॅक असेल तर खुशाल रंकाळ्याला जा. आमच्याकडे फणस असतो. आम्ही आता मंगळवारची तिकिटं काढतो.