डेबियनवर बग शोधणं आणि कळवणं: ऑफिसातल्या वापरानंतरचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं चादरी-टॉवेलांचं छोटं ऑफिस आहे. २०२५ च्या गड्ड्याच्या यात्रेनंतर इथल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर डेबियन १२ टाकलं. डेबियन म्हणजे लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टम. ऑगस्टमध्ये १३ आलं, थोडं थांबून तेही घेतलं. बिलं, जीएसटी, पार्सलांची लेबलं, मेल, सगळं यावरच चालतं आणि त्यात लिहिण्यासारखं फारसं काही नाही. लिहायचंय ते बिघाडांबद्दल, म्हणजे बगांबद्दल, कारण डेबियन मला खरं पटलं ते काहीतरी बिघडलं तेव्हाच.

एप्रिलमध्ये हिशेबाच्या टेबलावरची मशीन गोठायला लागली. माऊस हलेना, घड्याळ थांबलेलं. “अण्णा, परत अडकलंय बघा की,” अशी हाक रोजच येऊ लागली. सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशीच्या वर, त्यामुळे जो तो उन्हाला दोष देई. पण सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्याही ती गोठायची, आणि ‘सेन्सर्स’ ही कमांड दाखवत असलेलं तापमान नेहमीचंच होतं. उष्णतेचा मुद्दा तिथेच बाजूला ठेवला.

अशा वेळी लगेच पॉवर बटण दाबू नये, हे माझं पहिलं सांगणं. सिस्टमचा लॉग, म्हणजे आत काय घडलं त्याची नोंदवही, दर ओळीला डिस्कवर पक्का होत नाही. अगदी गंभीर संदेश सोडले तर तो साधारण पाच मिनिटांनी पक्का होतो. म्हणजे वीज तोडली की नेमक्या हव्या त्या शेवटच्या ओळी जाऊ शकतात. आम्ही शेजारच्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर कमांड द्यायची सोय) आत शिरून पाहिलं, आणि शिरता आलं. याचा अर्थ कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, जिवंत होता, फक्त पडदा थिजला होता. लॉगमध्ये ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची तक्रार दिसली: चिप उत्तर देत नाही. एसएसएचची सोय नसेल तर मशीन पुन्हा सुरू करून लॉग दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ या कमांडला ‘-बी -१’ द्यावं, मागच्या खेपेचा लॉग मिळतो. जुने लेख वाचून बरेच जण सिसलॉगची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लॉगची, फाइल शोधत बसतात. डेबियन १२ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये ती मुळात नसते.

पुढचा प्रश्न, बदललं काय? ॲप्ट हे पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, उतरवून बसवणारं साधन; त्याच्या हिस्टरी लॉगमध्ये कुठल्या तारखेला कुठलं पॅकेज आलं ते लिहिलेलं असतं. पहिल्यांदा मशीन गोठली त्याच्या थोडं आधी नवा कर्नल आला होता. डेबियन मागचा कर्नल काढून टाकत नाही, ही मोठी सोय. मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना निवडला आणि काही दिवस त्यावरच काम केलं. एकदाही गोठली नाही. नव्यावर गेलो की पुन्हा तेच. मग बॅकपोर्ट्समधला (स्थिर आवृत्तीसाठी नवी पॅकेजेस देणारा डेबियनचा साठा) आणखी पुढचा कर्नल लावला, त्यावरही सुरळीत. जुन्यात नाही, मधल्यात आहे, पुढच्यात नाही. दुरुस्ती कर्नलच्या मूळ प्रकल्पात आधीच झालेली आहे आणि ती फक्त स्थिर आवृत्तीत आणायची आहे, हे दाखवायला याहून चांगला पुरावा आमच्याकडे असणं शक्यच नव्हतं. अजून मधल्या आवृत्त्या तपासायच्या असत्या तर डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात जुनी पॅकेजेस मिळतात.

कळवण्यासाठी ‘रिपोर्टबग’ हे साधन. ते आधी त्या पॅकेजचे उघडे बग दाखवतं, म्हणजे तोच बग दुसऱ्यांदा कुणी नोंदवू नये. मग आवृत्त्या, अवलंबून असलेली पॅकेजेस आणि कर्नलच्या बाबतीत हार्डवेअरची यादीही आपणहून जोडतं. चूक कुठल्या पॅकेजात आहे ते कळत नसेल तर ‘डीपीकेजी -S’ला (यातला S मोठा) फाइलचा पत्ता द्यावा, नाव मिळतं. गांभीर्य निवडताना मात्र हात आवरावा. ‘क्रिटिकल’ म्हणजे सगळी सिस्टम मोडणारा, गंभीर प्रमाणात डेटा घालवणारा किंवा सुरक्षेला भोक पाडणारा बग. आपलं काम अडलं म्हणून ते लावलं की पॅकेज सांभाळणाऱ्याचा वेळ खाल्ला जातो. मी ‘इम्पॉर्टंट’ लावलं. ‘मशीन हँग होते’ असा मथळा कुणाच्याच उपयोगाचा नाही. चिप कुठली, कर्नल कुठला, कधीपासून, हे मथळ्यातच यावं. उत्तर आलं, आणखी एक लॉग मागितला, मी दिला, आणि पुढच्या एका अपडेटनंतर ती मशीन आजतागायत गोठलेली नाही.

उणिवा आहेत. सगळा व्यवहार मेलवर चालतो, वेबवर भरायचा फॉर्म नाही. तुमचा ईमेल पत्ता रिपोर्टबरोबर जाहीर होतो आणि तसाच राहतो, म्हणून ऑफिसचा पत्ता वापरू नका. लॉगमध्ये मशीनचं आणि वापरणाऱ्याचं नाव असतं, पाठवण्याआधी तो एकदा डोळ्यांखालून घाला. इंग्रजीत लिहावं लागतं. पण काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढ्या तीन साध्या वाक्यांवर भागतं. सांभाळणारे स्वयंसेवक आहेत, त्यामुळे काही रिपोर्ट महिनोन्‌महिने पडून राहतात. ते मी मान्य केलंय. १९९७ च्या सामाजिक करारात डेबियनने आपण अडचणी लपवणार नाही असं लिहून दिलं, आणि प्रत्येक बग सगळ्यांना दिसेल असा ठेवला. माझ्यासारख्याला त्याची किंमत फार मोठी आहे.

मराठीतल्या बगांबद्दलही थोडं सांगतो. लेबलांवर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटत होते. फॉन्ट सदोष, असं सगळ्यांचं मत झालं होतं. काही फॉन्टांत मराठीची अक्षररूपं वेगळी दिलेली असतात आणि दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवली तरच ती येतात. लिब्रेऑफिसमध्ये भाषा बदलली, प्रश्न मिटला. अक्षरं खरोखरच मोडत असतील, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ तुटत असेल, तर हार्फबझच्या (अक्षरं जोडून दाखवणारी लायब्ररी) ‘एचबी-व्ह्यू’मध्ये तोच शब्द त्याच फॉन्टात काढून पाहा. तिथे नीट आला तर दोष प्रोग्रॅमकडे शोधावा, तिथेही तुटला तर बहुधा फॉन्टकडे. मराठीतले असे दोष आपणच कळवायला हवेत. ‘ऱ्य’ तुटलाय हे ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला दिसणारच नाही.

स्कॅनरचा माझा एक रिपोर्ट अजून उघडा आहे. त्यावर ‘फॉरवर्डेड’ची खूण लागली, म्हणजे तो मूळ प्रकल्पाकडे गेला, आणि तिथे एक पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, हीही आली आहे. ‘ॲप्ट सोर्स’ने पॅकेज उतरवून, त्यात तो पॅच घालून मी ते बांधलंय. येत्या रविवारी कारखाना बंद असताना जुनी चलनं स्कॅन करून निकाल त्याच बग क्रमांकावर कळवणार आहे.